देवजीकाकाची कारणं

देवजीकाका दुकानात गेला की भाव विचारत नाही. प्रकार विचारतो.

"हा कांदा कुठल्या प्रकारातला?"

दुकानदार नवीन असला तर सांगतो, "नाशिकचा." काका मान हलवतो. "तसं नाय रे भाऊ. परवापेक्षा तीन रुपये वर गेला ना? मग तो मागणीने गेला का खर्चाने गेला?"

दुकानदार आधी काकाकडे बघतो, मग माझ्याकडे. कारण काकाला जीपमध्ये घालून तिथे आणणारा मीच असतो. मी लगेच दुसरीकडे बघतो. दुसरीकडे बघण्याची परीक्षा असती तर मी बोर्डात आलो असतो.

बाकी परीक्षेचं आणि माझं जमलं नाही. तिसरीत दोनदा बसलो. दुसऱ्यांदा का बसवलं ते गुरुजींना आठवत नव्हतं आणि मला तर पहिल्यांदा का बसवलं तेच कळलं नव्हतं. आता तलासरी ते सायवन जीप चालवतो, भाडं मिळालं तर डहाणू रोड स्टेशनपर्यंत. तेव्हा मी हे जे भाववाढीचं सांगणार आहे त्यातलं निम्मं काकाचं आहे आणि निम्मं चुकीचं. कुठलं कुठलं ते मला विचारू नका, मीच कधीचा शोधतोय.

काका आमच्या पाड्यातला, माझ्या शेजारचाच. मध्ये फक्त एक पपईचं झाड. बुटका, कान मोठे, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. जीपमध्ये पुढच्या सीटवर बसतो आणि तोंड मागे करतो, म्हणजे मागच्या अकरा माणसांना पळायला जागा राहत नाही.

"भाववाढ चार प्रकारची," काका सुरू करतो. "पहिली रांगते. दुसरी चालते. तिसरी धावते. चौथी घोड्यासारखी सुटते."

एकदा एक बाई मांडीवर पोर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "माझी पण रांगते."

"रांगते तोवर बरी असते," काका म्हणाला. "रांगती भाववाढ धंद्याला चांगली."

मी म्हटलं, "काका, भाव वाढणं चांगलं?"

"थोडं थोडं वाढणं चांगलं. चालायला लागली की लक्ष ठेवायचं. धावली की पकडायची."

"कोणी पकडायची?"

काकाने तोंड पुढे केलं. रस्त्याकडे बघत म्हणाला, "ते उपायात येतं."

या उपायाची एक अडचण आहे. काका बावीस वर्षं तलासरीला एका ज्युनिअर कॉलेजात शिपाई होता. रोजंदारीवर. कायम करतो करतो म्हणाले आणि शेवटी कायमचा घरी पाठवला. तिथे त्याचं काम म्हणजे पाणी भरणं, खडू देणं आणि घंटा. मधल्या मोठ्या सुट्टीच्या आधीचा तास अर्थशास्त्राचा. काका घंटा द्यायला निघायचा तो अर्धा तास आधीच, आणि खिडकीशी उभा राहून ऐकायचा. सर बदलले, पोरं बदलली, धडा तोच. भाववाढीची कारणं झाली, प्रकार झाले, की सर म्हणायचे, "आता उपाय बघू." आणि काकाला घंटा द्यायला जावं लागायचं. सुट्टीनंतर काका पाणी भरायला. बावीस वर्षांत एकही उपाय त्याच्या कानावर पडला नाही.

मी म्हटलं, "काका, एखाद्या दिवशी पाच मिनिटं उशिरा द्यायची ना घंटा."

काका माझ्याकडे असा बघायला लागला की मला वाटलं मी काहीतरी घाणेरडं बोललो. "पोरं उपाशी असतात रे," म्हणाला.

कारणं मात्र त्याला सगळी पाठ. पहिलं मागणी. सगळ्यांना एकच वस्तू एकाच वेळी पाहिजे झाली की ती महाग. दुसरं खर्च. बनवायला, आणायला जास्त पडलं की महाग. तिसरं, पैसा फार आणि माल थोडा. हे तिसरं मला कधी पटलं नाही, कारण आमच्या पाड्यात पैसा फार झालेला कोणी बघितला नव्हता, तरी महागाई यायचीच. काका म्हणायचा, "पैसा दुसरीकडे फार होतो, भाव सगळीकडे वाढतो." म्हणजे जेवण दुसऱ्याने करायचं आणि पोट आमचं फुगायचं. चौथं साठेबाजी. आणि पाचवं लोकांचं तोंड. भाव वाढणार, वाढणार असं लोक बोलायला लागले की सगळे घाईने घ्यायला धावतात आणि खरंच वाढतो. म्हणून जीपमध्ये कोणी नुसतं "तेल वाढणार म्हणतात" असं म्हटलं तरी काका ओरडायचा, "तोंड बंद! तू बोललास की वाढलं!" एक म्हातारी इतकी घाबरली की तिने उतरायचं ठिकाण आलं तरी सांगितलं नाही. सायवनपर्यंत गेली बिचारी.

डिझेल वाढलं तेव्हा मी भाड्याचे पाच रुपये वाढवले. सगळे भांडले. काकाने विचारलं, "ही कुठली?"

"डिझेलची."

"म्हणजे खर्चाची. बरोबर आहे. द्या रे सगळ्यांनी." आणि स्वतः आधी दिले. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा कुठल्यातरी धड्यात बसलो होतो. पुढे डिझेल उतरलं. काका म्हणाला, "खर्च उतरला, मग भाडं का नाय उतरलं?"

मी म्हटलं, "काका, ते उपायात येतं."

दोन दिवस बोलला नाही माझ्याशी.

आता मुख्य गोष्ट. काकाचं लगीन व्हायचं होतं. लखमीकाकी त्याच्या घरी येऊन तीस वर्षं होऊन गेली, पण लगीन राहिलेलं. आमच्याकडे यात लाज नाही. दोघं एकत्र राहतात, शेत करतात, पैसे जमले की मांडव घालतात. कोणी कोणी तर पोरांच्या मांडवात आपलंही उरकून घेतात. काका-काकीला पोर झालं नाही, म्हणून तोही मांडव नाही.

लाज नसली तरी एक गोष्ट अडते. आमच्यात लगीन लागतं ते चौकासमोर. घरातल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक काढतात, आणि तो काढायला हात लागतो लगीन झालेल्या सवाशिणींचा. दुसरीचा चालत नाही. पाड्यात कुठेही लगीन असलं की तांदूळ दळायला लखमीकाकीच. तिच्यासारखं बारीक पीठ कोणाचं होत नाही. ती पीठ कालवायची, वाटी उंबऱ्यापर्यंत न्यायची, आतल्या बाईच्या हातात द्यायची आणि पाणी आणायला जायची. आत बायका गात असायच्या. काका त्या वेळी कुठेतरी लांब, विहिरीत वगैरे बघत उभा असायचा.

त्याला लगीन काढायचं होतं ते त्या उंबऱ्यासाठी. आणि काढायचं तर पाडा जेवला पाहिजे. मी म्हटलं होतं, "काका, सामुदायिक लगीन लावतात ना फुकटात, तिथे जा दोघं." तो म्हणाला, "उद्या कोणी म्हणालं हिचं लगीन पाड्याने बघितलंच नाय, हिला चौकाला कशाला बोलवायचं, मग?"

तर पाड्याला जेवण घालायचं. काकाने वाल-भाताचं जमवलं तेव्हा पाड्यात कोंबडीची पद्धत आली. कोंबडीचं जमवलं तेव्हा मांडववाल्याने भाव वाढवला. लगीन पुढे पळत होतं आणि काका मागून त्याचा प्रकार ओळखत होता.

मग नोटाबंदी आली. तलासरीला बँकेच्या दारात अशी रांग की शेवटचा माणूस कुठल्या गावात उभा आहे ते कळत नव्हतं. सगळ्यांची तोंडं उतरलेली, आणि मधोमध काका उभा, लग्नाचे सगळे पैसे कणगीतून काढून आणलेले, आणि हसतोय.

"जयराम, नोटा गेल्या!"

"मग हसतोस काय? डोक्याला लागलं का?"

"कारण तिसरं!" काका म्हणाला. "पैसा फार, माल थोडा, म्हणून भाव वर. आता पैसा गेला. माल तेवढाच. भाव कुठे जाईल?"

पुढचा माणूस म्हणाला, "घरी जाईल."

"खाली येईल!" काका म्हणाला. "तीस वर्षांत पहिल्यांदा लगीन थांबलंय. आता पकडतो. होळीच्या आधी मांडव."

आणि खरं सांगतो, त्या थंडीत टोमॅटो इतका पडला की लोक म्हशींना घालायला लागले. काका रोज एक किलो घेऊन यायचा आणि मला दाखवायचा, जसा काय त्यानेच पाडलाय. पण कोंबडी काही पडली नाही. मांडववाला पण नाही. मी म्हटलं, "काका, लग्नाला नुसते टोमॅटो वाढायचे का?" त्याने विचार केला. "बाकीच्या मालाला अजून कळलं नसेल," म्हणाला.

माघात दिवस ठरला. लग्न लावणारी आमची म्हातारी धवलेरी आणि चौकाच्या चार सवाशिणी, एवढ्यांनाच सांगितलं आणि शपथ घातली. मला बोलावून काकाने दार लावलं. "कारण पहिलं काय?"

"मागणी."

"आपण दोनशे माणसाचं सामान एकदम घ्यायला गेलो की बाजाराला काय दिसेल?"

"लगीन दिसेल."

"मागणी दिसेल! की चढलाच भाव. म्हणून मागणी दिसता कामा नये. दोन किलो इथून, एक किलो तिथून. तेल डहाणू रोडवरून, गूळ सायवनवरून. आणि बोलावणी त्या दिवशी पहाटे. आधी बोलावणं गेलं की बाजारात बातमी गेलीच."

मला हे इतकं हुशारीचं वाटलं की मी शपथ दोनदा घेतली.

आठ दिवस मी पावकिलो पावकिलो जिरं घेत फिरलो. मग कांद्याची पाळी आली. पन्नास किलो कांदा दोन दोन किलोने म्हणजे पंचवीस दुकानं. तलासरीच्या नाक्यावर रमणीकभाईच्या दुकानात गोणी भरलेली दिसली आणि माझे पाय तिथेच थांबले. कोण बघतंय, म्हटलं. उचलली.

रमणीकभाईने चष्मा वर केला. "आटला बधा कांदा? कोना लगन छे, जयराम?"

"लगीनबिगीन काय नाय, भाई. घरी खायला."

"पचास किलो?"

"माझी बायको जेवते फार."

संध्याकाळपर्यंत हे वाक्य माझ्या आधी घरी पोचलं होतं. त्या रात्री मला जेवण मिळालं नाही, पण ते वेगळं. दुसऱ्या दिवशी काकाला घेऊन नाक्यावर गेलो तर रमणीकभाईच्या पाटीवर कांदा दोन रुपयांनी वर. काका पाटीपुढे उभा राहिला. मग सावकाश माझ्याकडे वळला.

"किती घेतलास?"

"गोणी."

"बघ," काका म्हणाला. "ही तू केलीस. मागणीची."

मला वाईट वाटायला पाहिजे होतं. पण खोटं कशाला बोलू, छाती फुगली. मी आजवर काही केलं तर ते माझ्या घराच्या बाहेर कोणाला कळत नव्हतं, आणि आज अख्ख्या तलासरीला माझ्यामुळे दोन रुपये जास्त पडत होते.

त्या आठवड्यात बारक्यामामाने मला रामराम घालणं बंद केलं. बारक्यामामा म्हणजे आमच्या पाड्याचा मुकादम, पाड्यातल्या तीसेक माणसांना रोज सकाळी टेम्पोने घोलवडला चिकूच्या वाडीत घेऊन जातो. त्याची बायको पण बोलेना. मला वाटलं, वा, गुपित किती चांगलं राहिलंय, कोणी काही विचारतच नाही. आता कळतं ते असं की चार बायकांना शपथ घातली त्याच दिवशी पाड्याला सगळं कळलं होतं. पण आमच्याकडे हळदीचे तांदूळ दारात पडले तरच बोलावणं. तांदूळ आले नाहीत तर सख्खा भाऊसुद्धा जात नाही. सगळा पाडा आठ दिवस उंबऱ्याकडे बघत होता. तांदूळ काही येईनात. तोंडं सुजली.

लग्नाच्या पहाटे टेम्पो सुटायच्या आधी घरोघर तांदूळ टाकायचं काम माझं. एकच काम. आदल्या दिवशीचं पण एकच होतं, दहा ठिकाणांहून थोडी थोडी ताडी आणायची. दहा ठिकाणची ताडी म्हणजे दहा वेळा चाखून बघावी लागते, कुठली आंबट आहे, कुठली नाही. मी कामात कसूर केली नाही.

जाग आली तेव्हा ऊन तोंडावर होतं.

तांदळाची टोपली घेऊन धावलो. पहिलं घर, कडी लावलेली. दुसरं, कडी. तिसऱ्यात एक म्हातारा आणि बकरी. पाडा कामाला निघून गेला होता. अर्धा घोलवडला, अर्धा उंबरगावच्या कारखान्यात.

मांडवात काका उभा होता. नवीन पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं. मागे दोनशे माणसाचा भात. समोर धवलेरी, चार सवाशिणी, तो म्हातारा आणि ती बकरी, कारण बकरी म्हाताऱ्याला सोडत नव्हती.

"किती येतात?" काकाने विचारलं.

"काका, माणसं कामावर गेली. मी उठलोच नाय."

काकाने भाताकडे बघितलं. ओठ हलत होते. मला वाटलं शिव्या देईल, दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "माल आहे, मागणी नाय." आणि मग अगदी बारीक आवाजात, "हा धडाच नव्हता रे."

मी घराच्या मागे जाऊन बसलो. मोठा माणूस आहे मी, दोन पोरांचा बाप, पण डोळ्यातून यायला लागलं. तिथे लखमीकाकी आली. हळद लागलेली, अंगावर लग्नाचं लुगडं, आणि हसत होती.

"काकी, तू हसू नको. मी मेलोय."

"मर नंतर," काकी म्हणाली. "तीस वर्षं थांबली, दुपारपर्यंत थांबायला काय होतं? केस काळे राहिलेत कुठे, पांढरे व्हायला." मग माझ्या शेजारी खाली बसली, नवीन लुगडं घालून. "तुला वाटतं, हा खिडकीत उभा राहून शिकत होता?"

"मग काय करत होता?"

"पहिल्या वर्षी लगीन नाय झालं, मी काय बोलले नाय. दुसऱ्या वर्षी नाय झालं, मी रडले. हा कामावर गेला आणि संध्याकाळी येऊन म्हणाला, लखमी, चूक माझी नाय, मागणी वाढलीय. हात असे असे करून किती वेळ सांगत होता. मला एक अक्षर कळलं नाय. पण माझं रडणं थांबलं, हसायलाच आलं. मग दर वर्षी एक नवीन घेऊन यायचा. लोकांच्या बायकांना जत्रेतून खाजं येतं, मला कारण यायचं. एक कारण दोनदा नाय सांगितलं कधी. जुनं असलं तरी त्याला नवीन प्रकार लावून आणायचा."

"तुला खरं वाटायचं?"

"एका वर्षी म्हणाला, खर्च एकदम वरून कोसळला. मी म्हटलं, वरून कोसळलेला मी बघितला की. घोलवडला चिकूच्या झाडावरून."

मी खाली बघितलं. तो मी होतो. तिथल्या तेव्हाच्या मुकादमाच्या पोरीला दाखवायला शेंड्यावर चढलो होतो. पाय तीन ठिकाणी मोडला. वापीच्या दवाखान्याचे पैसे कोणी भरले ते मी कधी विचारलं नव्हतं. बावीस वर्षांचा घोडा होतो तेव्हा, वाटलं दवाखाना असंच बरं करतो.

काकी उठली, टोपलीत मूठभर तांदूळ आणखी घातले. "जा," म्हणाली. "आणि झाडावर चढू नको."

उंबरगावचा कारखाना काही माणसं सोडणार नाही, तेव्हा घोलवड. जीप कशी चालवली ते मला आठवत नाही, रस्त्यावरच्या कोंबड्यांना आठवत असेल. वाडीत शिरलो तर सगळी झाडावर. नुसते पाय दिसतायत आणि जाळीच्या काठ्या.

"बारक्यामामा! लगीन आहे! चला!"

वरून आवाज आला, "कोणाचं?"

"देवजीकाकाचं!"

"आम्हाला माहीत नाय. आम्हाला बोलावणं नाय."

"हे काय, आणलंय ना!"

"बोलावणं दारात येतं. झाडावर नाय येत."

आजूबाजूच्या झाडांतून हसण्याचे आवाज. मी काय करणार? टोपली घेतली आणि एकेका झाडाच्या बुंध्याशी वाकून तांदूळ ठेवायला लागलो. उंबऱ्याला टेकवतात तसं मुळाला डोकं टेकवलं. कुठल्या झाडावर कोण आहे ते कळत नव्हतं, म्हणून रिकाम्या झाडांना पण आमंत्रण दिलं. दोन झाडांवर माणसंच नव्हती, एकावर वानर होतं. वानर पहिलं खाली उतरलं.

शेवटी मामा उतरला. "चूक कोणाची?"

"माझी. तांदूळ पहाटे टाकायचे होते. मी झोपलो."

"आणि आठ दिवस आधी का नाय टाकले?"

आता काकाचं नाव घ्यावं का नाही? त्या वेळी मला आयुष्यात पहिल्यांदा एक कारण सुचलं. "मी विसरलो," म्हटलं. "काकाने कधीचे दिले होते."

मामाने हातातली काठी बुंध्याला टेकवली. "तू विसरू शकतोस," म्हणाला. पाड्यात माझं नाव तसं आहे, ते असं कामाला आलं. "पण माल गाडीवर गेल्याशिवाय शेठ सोडणार नाय. काढायला हात कमी आहेत. तू क्रेट उचल."

चार तास मी क्रेट उचलले. मोडलेला पाय दुखत होता आणि मला ते बरं वाटत होतं.

ऊन उतरायच्या वेळी मामाचा टेम्पो आणि मागे माझी जीप पाड्यात शिरले, माणसं टपावर, माणसं फळीवर, अंगाला चिकूचा चीक लागलेला. काका मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. बहुतेक सकाळपासून तसाच. उंबरगाववाले पाळी संपवून तोवर आलेच, आणि बोलावणं मामाने दिलं म्हटल्यावर बसले. भात गार झाला होता, पण कोणी नाव ठेवलं नाही. धवलेरी गायली. लगीन लागलं. काकाने त्या दिवशी कुठल्याच वस्तूचा प्रकार विचारला नाही.

पंधरा दिवसांनी मामाच्या पोरीचं लगीन निघालं. तांदूळ दळायला काकीच. वाटी घेऊन ती उंबऱ्यापर्यंत गेली आणि सवयीने हात पुढे केला. आतून मामाची बायको म्हणाली, "अगं ये की आत. का तिथूनच काढणार?"

काकी मागे वळून बघेल असं मला वाटलं. बघितलं नाही. आत गेली.

दुपार होती. पुरुष मांडवाचं बांधत होते. काका येऊन माझ्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसला. जीप कुठे जाणार नव्हती. तोंड मागे केलं नाही, कारण मागे कोणी नव्हतं. मला कसंतरी वाटलं. मी म्हटलं, "काका, डाळ वाढलीय परत. कशाची असेल?"

"माहीत नाय," काका म्हणाला.

असं तो कधी म्हणाला नव्हता. आत बायकांनी गाणं धरलं होतं. मी म्हटलं, "काकीचा आवाज चांगला लागलाय."

"ती नाय गात आता. काढताना ती जीभ दातात धरते."

"तुला काय माहीत? ती आज पहिल्यांदा काढतेय."

काकाने वरचं बटण उगाच काढलं आणि परत लावलं. "आमच्या घराच्या मागे भिंत आहे ना," म्हणाला, "तिथे काढायची. मी कामावर गेलो असं समजून. सगळा चौक, देवीपर्यंत. आणि मग ओल्या फडक्याने पुसायची, कोणी बघायच्या आत. मी एकदा डबा विसरलो म्हणून परत आलो होतो. मग पुष्कळदा विसरलो."

आतलं गाणं थांबलं, परत सुरू झालं. काका दाराकडे बघत बसला.

"आज पुसायला नको तिला," म्हणाला.